साठवलेला पल्स सकाळी परत येत नाही, दुपारी येतो: रुबिडियम मेमरीतला बिघाड कसा शोधायचा

तक्रार साधारण अशी असते. काल संध्याकाळी मेमरी, म्हणजे प्रकाशाचा पल्स रुबिडियमच्या वाफेत थोडा वेळ साठवून परत देणारी मांडणी, उत्तम चालली होती. पाठवलेल्या पल्समधला ४० टक्के प्रकाश १० मायक्रोसेकंदांनंतर परत मिळत होता. आज सकाळी लेसर लॉक केले (त्यांची वारंवारिता स्थिर केली), सेल (वाफेची काचेची कुपी) तापला, वहीतले सगळे आकडे कालचेच आहेत, आणि परत येतोय जेमतेम १५ टक्के. मग आरसे हलवायचे, फायबर पुन्हा जुळवायचा, कंट्रोल लेसरची (साठवण चालू-बंद करणाऱ्या लेसरची) पॉवर थोडी वर-खाली करून बघायची. दुपारपर्यंत आकडा ३५ वर चढतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा १५.

हे चक्र मी कित्येक आठवडे जगलो आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगतो: बिघाड रोज परत येत असेल तर तो दुपारी दुरुस्त झालेला नसतो, दुपारी आपोआप गेलेला असतो. आपण मात्र त्या वेळी आरशांशी खेळत असतो आणि श्रेय आरशांना देतो. म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी नुकसान नेमकं कुठे होतंय ते वेगळं काढायचं. लिहिताना (पल्स साठवताना), वाट पाहताना की वाचताना (पल्स परत काढताना)? की मेमरीच्या बाहेरच कुठेतरी? कार्यक्षमता हा एकच आकडा असतो आणि या सगळ्या जागांचं नुकसान त्यात गुणाकाराने मिसळलेलं असतं. नुसता तो आकडा बघून काहीच कळत नाही.

माझा अनुभव मुख्यतः रुबिडियमच्या कोमट वाफेचा आहे, तेव्हा उदाहरणं तिथलीच घेतो. रुबिडियम-८७, ७९५ नॅनोमीटरची डी-१ रेषा (अणू जो प्रकाश शोषतो त्यातली एक ठरावीक तरंगलांबी). अणूच्या तळाच्या दोन अवस्थांमध्ये ६.८३५ गिगाहर्ट्झचं अंतर. एका अवस्थेवर कमजोर सिग्नल लावलेला, दुसरीवर जोरकस कंट्रोल, आणि दोघांची वरची अवस्था एकच. कंट्रोल चालू असला की एरवी अपारदर्शक असलेली वाफ सिग्नलपुरती पारदर्शक होते आणि सिग्नल तिच्यात कमालीचा हळू चालतो. पल्स सेलमध्ये मावला की कंट्रोल बंद करायचा. पल्समधली माहिती मग अब्जावधी अणूंच्या त्या दोन अवस्थांमधल्या फेजच्या (लहरीच्या टप्प्याच्या) नक्षीत उतरते. या नक्षीला आपण स्पिन-लहर म्हणतो. कंट्रोल पुन्हा चालू केला की लहरीचा पुन्हा प्रकाश होतो. फ्लाइशहाउअर आणि लुकिन यांनी २००० साली याचा सिद्धांत मांडला, आणि २००१ साली दोन गटांनी तो करून दाखवला: लेने हाऊ यांच्या गटाने थंड सोडियममध्ये, वॉल्सवर्थ आणि लुकिन यांच्या गटाने कोमट रुबिडियममध्ये.

नुकसानाची एवढी काळजी कशासाठी, असं नव्याने आलेले विद्यार्थी विचारतात. साध्या दूरसंचारात सिग्नल क्षीण झाला की अ‍ॅम्प्लिफायर लावता येतो. इथे एकेका फोटॉनमध्ये क्वांटम अवस्था असते, आणि अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ पासून सिद्ध आहे. गेलेला फोटॉन गेलाच. शिवाय फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. १०० किलोमीटर पलीकडच्या टोकाकडून ‘पोचला’ एवढा निरोप यायचा तर ५०० मायक्रोसेकंद थांबावं लागतं, आणि तेवढा वेळ ती नक्षी शाबूत राहायला हवी.

आधी मेमरी निर्दोष आहे का ते बघा

कार्यक्षमता म्हणजे परत आलेली ऊर्जा भागिले पाठवलेली ऊर्जा. यातला छेद बहुतेक जण आठवड्यातून एकदा मोजतात, आणि तोही सेलच्या अलीकडे. सेल ते डिटेक्टर या वाटेत मात्र ध्रुवीकरणाचं प्रिझम, एक-दोन एटॅलॉन (एका अरुंद वारंवारितेचाच प्रकाश सोडणाऱ्या गाळण्या) आणि एक फायबर असतो. त्यातलं काहीही सरकलं तरी दिसताना मेमरीच घसरलेली दिसते.

एटॅलॉनकडे खास लक्ष द्या. फ्यूज्ड सिलिकाच्या घन एटॅलॉनचं शिखर या तरंगलांबीला तापमानाच्या एका अंशामागे २ गिगाहर्ट्झहून जास्त सरकतं. तुमच्या एटॅलॉनची रेषारुंदी ४५० मेगाहर्ट्झच्या आसपास असेल, तर ०.१ अंश फरकानेच सिग्नल शिखराच्या उतारावर जाऊन अर्ध्यावर येतो. एवढा फरक खोलीचं दार उघडं राहिलं तरी पडतो.

तपासणी सोपी आहे. सिग्नलची वारंवारिता अणूंच्या रेषेपासून काही गिगाहर्ट्झ दूर नेऊन चालणार नाही, कारण मग एटॅलॉनही ती अडवेल. त्याऐवजी वारंवारिता तीच ठेवा, सेलच्या आधी सिग्नल एका सरकत्या आरशाने बाजूला घ्या आणि सेलला वळसा घालून त्याच प्रिझममधून, त्याच एटॅलॉनमधून, त्याच फायबरमधून डिटेक्टरवर आणा. या वळशाचा आकडा सकाळ-दुपार बदलत असेल तर मेमरीला बोल लावू नका. हा सरकता आरसा बसवायला आमचा अर्धा दिवस गेला. त्याआधी त्याच्यावाचून किती दिवस वाया गेले, ते आता मोजत नाही.

एओएमचीही (ध्वनिलहरींनी झोत वळवून चालू-बंद करणाऱ्या स्फटिकाचीही) अशीच एक खोड आहे, आणि ती फार फसवी आहे. कंट्रोल झोत चालू-बंद करणाऱ्या एओएमचा स्फटिक आरएफ (रेडिओ वारंवारितेच्या) शक्तीने तापतो. साठवणीचा काळ वाढवला की कंट्रोल बंद राहण्याचा काळ वाढतो, स्फटिक थोडा गार होतो आणि झोताची दिशा किंचित बदलते. म्हणजे तुम्ही नुसता वेळ बदललात, पण प्रत्यक्षात वेळ आणि अलाइनमेंट दोन्ही बदललं. त्यातून निघालेल्या क्षयाच्या आलेखावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक फेरीच्या शेवटी भरपाईचा आरएफ देऊन एकूण चालू काळ कायम राखायचा, म्हणजे ही भानगड मिटते.

स्कोपवरचे दोन उंचवटे

वळशाचा आकडा स्थिर आहे असं धरू. आता एक साठवण स्कोपवर (ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर) नीट बघा. दोन उंचवटे दिसतात. पहिला उंचवटा कंट्रोल बंद होण्याआधीच निसटून गेलेल्या प्रकाशाचा, दुसरा वाचलेल्या प्रकाशाचा. दोघांखालचं क्षेत्रफळ मोजा आणि आत आलेल्या पल्सशी जमाखर्च मांडा. पाठवलेले १००, निसटलेले इतके, परत आलेले इतके, उरलेले वाफेने गिळले.

निसटलेला भाग मोठा असेल तर पल्स सेलमध्ये मावलेलाच नाही. एकतर कंट्रोल गरजेपेक्षा जोरकस आहे, त्यामुळे सिग्नल पुरेसा हळू होत नाही, किंवा वाफ विरळ झाली आहे. निसटलेला भागही लहान आणि परत आलेलाही लहान, म्हणजे वाफ गिळते आहे. तेव्हा पारदर्शकतेची खिडकी (ज्या वारंवारितांना वाफ पारदर्शक असते तो पट्टा) अरुंद झालेली असते किंवा सिग्नल तिच्या मध्यावर नसतो. इथे एक ओढाताण कायम लक्षात ठेवावी लागते. मंदपणा ऑप्टिकल डेप्थच्या (वाफ प्रकाश किती शोषते याच्या मापाच्या) प्रमाणात वाढतो आणि कंट्रोलच्या शक्तीच्या व्यस्त प्रमाणात. खिडकीची रुंदी कंट्रोलच्या शक्तीबरोबर वाढते आणि ऑप्टिकल डेप्थच्या वर्गमुळाने आक्रसते. म्हणून ऑप्टिकल डेप्थ कमी असताना कंट्रोलची पॉवर कितीही फिरवली तरी एक दोष घालवायला जावं तर दुसरा येतो. गोर्शकोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की पल्सचा आणि कंट्रोलचा आकार नीट जुळवला, तर आदर्श परिस्थितीत मिळू शकणारी कमाल कार्यक्षमता ऑप्टिकल डेप्थ ठरवते. तुमची ऑप्टिकल डेप्थच १० वर आली असेल तर आकार जुळवण्यात रात्री घालवून उपयोग नाही.

ती खाली का येते? बहुतेक वेळा सेलच्या खिडक्यांमुळे (दोन्ही टोकांच्या काचांमुळे). रात्री हीटर बंद केला की खिडक्या आधी गार होतात आणि रुबिडियम त्यांच्यावर जाऊन बसतं. सकाळी काचेवर राखाडी-चंदेरी पापुद्रा दिसतो. टॉर्च तिरपा धरून बघा, लगेच कळेल. खिडक्या कायम शेपटीपेक्षा काही अंश गरम हव्यात. शेपटी म्हणजे सेलचा तो बारीक भाग, जिथे धातू साठतो. सुरू करताना खिडक्यांचा हीटर सर्वांत आधी लावायचा आणि बंद करताना सर्वांत शेवटी. पापुद्रा धरलाच असेल तर खिडक्या तापवून रात्रभर ठेवा, तो हळूहळू शेपटीकडे परततो. घाई करून काचेवर गरम हवेचा झोत मारू नका, खिडकीच्या जोडाला तडा जाऊ शकतो.

साठवणीचा काळ बदला, मग आलेख बोलू लागतो

सगळ्यात जास्त माहिती मला याच तपासणीने दिली आहे. १ मायक्रोसेकंदापासून १०० मायक्रोसेकंदांपर्यंत साठवणीचा काळ बदलत न्या आणि परत आलेली ऊर्जा आलेखावर मांडा. काळ शून्याकडे नेल्यावर आलेख जिथे टेकतो तो आकडा लिहिण्या-वाचण्याचा आहे. तिथून पुढचा उतार वाट पाहण्याचा आहे. सकाळचा आणि दुपारचा आलेख शेजारी ठेवा. टेकण्याची जागा खाली गेली असेल तर वरच्या भागात सांगितलेले दोष शोधा. उतार बदलला असेल तर स्पिन-लहर वाट पाहताना मरते आहे, आणि आरसे फिरवून ती जिवंत होणार नाही.

उताराचा आकारही बोलका असतो. साधा घातांकी क्षय दिसला तर अणू झोताबाहेर पसरत आहेत, भिंतीवर आपटत आहेत किंवा कुठूनतरी प्रकाश गळतो आहे. आधी सपाट आणि मग झपकन खाली जाणारा, घंटेच्या अर्ध्या भागासारखा आकार दिसला तर वेगवेगळे अणू वेगवेगळ्या ठरावीक वेगाने फेज सोडत आहेत. चुंबकीय क्षेत्र सेलभर एकसारखं नसतं तेव्हा असं होतं, आणि अणू न अडता धावत असतील तर सिग्नल-कंट्रोलमधल्या कोनामुळेही. आलेख खाली जाऊन पुन्हा वर येत असेल, म्हणजे प्रकाश मावळून पुन्हा उगवत असेल, तर एकसमान चुंबकीय क्षेत्र उरलेलं आहे.

हा शेवटचा प्रकार सगळ्यात उपकारक, कारण तो बिघाडाचं मापही सांगतो. रुबिडियम-८७ च्या तळाच्या अवस्थांमध्ये शेजारच्या चुंबकीय उपपातळ्या गॉसला (१ गॉस म्हणजे १०० मायक्रोटेस्ला चुंबकीय क्षेत्र) ०.७ मेगाहर्ट्झने सरकतात, आणि दोन्ही मुख्य अवस्थांमध्ये विरुद्ध दिशांनी. त्यामुळे झोताच्या दिशेने क्षेत्र असेल तर स्पिन-लहरीच्या वेगवेगळ्या घटकांमध्ये गॉसला १.४ मेगाहर्ट्झच्या पटीत फरक पडतो. म्हणजे मायक्रोटेस्लाला १४ किलोहर्ट्झ. घटक एकमेकांपासून दुरावले की वाचन पडतं, पुन्हा जुळले की उठतं. क्षेत्र झोताला आडवं असेल तर याच्या दुप्पट काळाची चालही मिसळते. जॉर्जिया टेकमधल्या कुझमिच यांच्या गटाने २००६ साली थंड रुबिडियममध्ये हेच मावळणं-उगवणं दाखवलं होतं. तेव्हा पहिला उगवता उंचवटा किती मायक्रोसेकंदांवर आला ते वाचा. ७१ मायक्रोसेकंद असेल तर १ मायक्रोटेस्ला, ७ असेल तर १० मायक्रोटेस्ला. पृथ्वीचं क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं, म्हणजे चुंबकीय कवच नसेल तर हा खेळ दोन-तीन मायक्रोसेकंदांतच आटोपतो.

आमचा सकाळ-दुपारचा घोळ इथेच सापडला. सेलभोवती म्यू-मेटलचं (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं) तीन थरांचं कवच होतं, त्यामुळे चुंबकीय क्षेत्राचा विषय आम्ही कधीच निकालात काढला होता. एके दिवशी मी सरासरी बंद केली आणि एकेक फेरी स्कोपवर बघत बसलो. साठवण १० मायक्रोसेकंदांची. दुसरा उंचवटा काही सेकंद उंच राहायचा, मग एकदम अर्ध्याहून खाली बसायचा, काही सेकंदांनी पुन्हा उभा. मध्ये कुठलाच आकडा नाही, उंच किंवा बसका. माझ्या उजव्या हाताला तापमान-नियंत्रक होता आणि त्यावरचा तांबडा दिवा लागत-विझत होता. दिवा लागला की उंचवटा बसायचा. दिवा विझला की उठायचा. मी पाच मिनिटं नुसता बघत राहिलो, एकदाही चुकला नाही.

हीटर कवचाच्या आत सेलवरच गुंडाळलेला होता. काही महिन्यांपूर्वी त्याची एक तार तुटली होती. जोडताना जाणारी आणि येणारी तार एकमेकींत पिळायची राहिली, आणि सेलपासून दोन-तीन सेंटिमीटरवर एक उघडा तुकडा तसाच राहून गेला. कवच बाहेरचं क्षेत्र अडवतं, आत आपणच तयार केलेल्या क्षेत्राचं ते काय करणार? सरळ तारेतून १ अँपिअर गेला तर २ सेंटिमीटरवर १० मायक्रोटेस्ला होतात. आमच्याकडे दिवा लागलेल्या फेऱ्यांचा वेगळा आलेख काढला तेव्हा उगवता उंचवटा २४ मायक्रोसेकंदांजवळ आला, म्हणजे जवळपास ३ मायक्रोटेस्ला. तीन सारख्या घटकांचा हिशेब धरला तर पहिलं मावळणं त्याच्या एक तृतीयांशावर, ८ मायक्रोसेकंदांवर पडतं. आम्ही रोज मोजत होतो १० वर, म्हणजे बरोबर खड्ड्याच्या काठावर.

मग सकाळ-दुपारचं कोडंही उलगडलं. रात्री खोली गार व्हायची, सकाळी हीटरला जास्त वेळ चालू राहावं लागायचं, पाचशे फेऱ्यांच्या सरासरीत बसक्या फेऱ्यांचा वाटा मोठा असायचा. दुपारी खोली उबदार झाली की हीटर क्वचित लागायचा आणि सरासरी सुधारायची. आरशांचा संबंध नव्हता.

उपाय तीन केले. तारा शेवटपर्यंत पिळून घेतल्या. हीटरच्या दोन थरांतून प्रवाह उलटसुलट जाईल अशी गुंडाळी केली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोजमापाच्या काही मिलिसेकंदांत हीटरचा प्रवाह पूर्ण तोडणारा स्विच प्रयोगाच्या घड्याळाला जोडला. सेल तेवढ्यात गार होत नाही. नवीन मांडणी करत असाल तर कवचाच्या आत विद्युत हीटर ठेवूच नका, बाहेरून गरम हवा किंवा गरम द्रव खेळवा. कवचाला एकदा जोरदार चुंबक लागला असेल तर त्याचं डीगॉसिंगही (उरलेलं चुंबकत्व घालवणंही) करून घ्या, आणि आतले स्क्रू पितळेचे किंवा टायटॅनियमचे आहेत ना तेही बघा. स्टेनलेस स्टीलचे म्हणून घेतलेले स्क्रू पुष्कळदा चुंबकाला चिकटतात.

घंटेसारखा उतार: कोन

सिग्नल आणि कंट्रोल वेगळे काढायला सोपं जावं म्हणून दोघांमध्ये थोडा कोन ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. कोमट वाफेत त्याची किंमत भयंकर आहे. झोत एकाच रेषेत असतील तर स्पिन-लहरीची तरंगलांबी ६.८३५ गिगाहर्ट्झच्या लहरीएवढी, ४.४ सेंटिमीटर असते. १ अंश कोन ठेवला की ती ४५ मायक्रोमीटर होते. कोमट रुबिडियम अणू सेकंदाला पावणेदोनशे ते तीनशे मीटर वेगाने धावतो, एवढी बारीक नक्षी १०० नॅनोसेकंदांतच पुसली जाते. १० टॉर (टॉर हे दाबाचं एकक) निऑन भरलेल्या सेलमध्ये ०.१ अंश कोन असला तरी दोन-तीन मायक्रोसेकंदांपलीकडे फारसं काही उरत नाही. कोणी झोत जुळवताना सिग्नल थोडा बाजूला नेला आणि आयुष्य एकदम तोकडं झालं, तर कारण हेच समजा. दोन्ही झोत सेलच्या अलीकडे आणि मीटरभर पलीकडे, अशा दोन ठिकाणी एकमेकांवर पडतात का ते कॅमेऱ्याने तपासा.

घातांकी उतार: पसरण आणि गळती

बफर गॅस (अणूंची धाव अडवणारा निऑनसारखा वायू) असलेल्या सेलमध्ये अणू झोतातून हळूहळू बाहेर झिरपतात. १० टॉर निऑन आणि १ मिलिमीटर त्रिज्येचा झोत धरला तर हा काळ १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास येतो आणि त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. म्हणून झोत रुंद करून आयुष्य वाढलं तर दोष पसरणीचा होता. नाही वाढलं, तर गळती शोधा.

गळती म्हणजे कंट्रोल ‘बंद’ असतानाही एओएममधून पाझरणारा प्रकाश. तो स्पिन-लहर हळूहळू वाचून टाकतो. स्कोपची संवेदनशीलता वाढवलीत तर दोन उंचवट्यांच्या मधल्या अंधारात एक लांब, उतरती शेपूट दिसते. तीच तुमची हरवलेली माहिती. आरएफ स्विच बंद झाल्यावरही थोडी शक्ती सोडत असतो, तेव्हा एकामागे एक दोन स्विच लावून बघा किंवा दुसरा एओएम घाला.

दोन लेसर वेगवेगळे असतील तर त्यांचा फेज लॉकही (दोघांना एकाच तालात ठेवणारी जोडणीही) तपासून घ्या. कंट्रोलची पॉवर कमी कमी करत पारदर्शकतेच्या रेषेची रुंदी मोजा आणि शून्य पॉवरपर्यंत रेघ वाढवा. जी रुंदी उरते ती लॉकची, चुंबकीय क्षेत्राची आणि पसरणीची मिळून असते. ती अचानक वाढली आणि हीटर-कवच जागच्या जागी असेल, तर लॉककडे वळा.

प्रकाश परत येतो, पण तो आपला आहे का?

एकेका फोटॉनवर उतरलात की नवीनच बिघाड समोर येतो. परत आलेला आकडा चांगला दिसतो, पण सिग्नल बंद केला तरी डिटेक्टर वाजतच राहतो. १ मिलिवॅटचा कंट्रोल १ मायक्रोसेकंद चालू असला तर त्यात ४ अब्ज फोटॉन असतात. हजार वाचनांत एखादाच खोटा फोटॉन यावा असं वाटत असेल तर कंट्रोल जवळपास १२५ डेसिबलने दाबावा लागतो. चांगलं प्रिझम ५० देतं, बाकीचं एटॅलॉनांवर.

खोटे फोटॉन कुठून येतात ते ओळखायला सेल गार करा. वाफ विरळ झाल्यावरही आवाज (खोट्या फोटॉनांची संख्या) तेवढाच राहिला तर तो गळलेला कंट्रोल आहे, गाळण्या जुळवा. सेल गार केल्यावर आवाज गेला तर तो अणूंमधून येतो. मग ऑप्टिकल पंपिंगचा (साठवणीआधी प्रकाशाने अणू एकाच अवस्थेत ढकलण्याचा) काळ वाढवा. त्याने कमी झाला तर साठवणीच्या अवस्थेत आधीपासूनच अणू पडून होते आणि कंट्रोल त्यांनाच वाचत होता. पंपिंगने फरक पडला नाही आणि कंट्रोलची पॉवर दुप्पट केल्यावर आवाज दुपटीहून बराच वाढला, तर चार लहरींच्या मिश्रणावर संशय घ्या: तोच कंट्रोल ६.८ गिगाहर्ट्झ दूरवरून दुसऱ्या अवस्थेलाही छेडतो, एक जोडीदार फोटॉन सोडतो आणि मागे एक खोटी स्पिन-लहर ठेवतो.

इथे एक बारकावा आहे, जो आमच्या फार उशिरा लक्षात आला. १३.६७ गिगाहर्ट्झ अंतराने शिखरं असलेला एटॅलॉन सोयीचा वाटतो, कारण सिग्नल शिखरावर आणि कंट्रोल बरोबर दरीत पडतो. पण तो जोडीदार फोटॉन सिग्नलपासून दुप्पट अंतरावर, म्हणजे नेमका १३.६७ गिगाहर्ट्झवरच असतो. पुढच्या शिखरातून तोही सुखरूप बाहेर येतो. दुसरा एटॅलॉन वेगळ्या अंतराचा घ्या. जोडीदार अडल्यावर उरलेला आवाज कमी करायला कंट्रोलची पॉवर आणि ऑप्टिकल डेप्थ दोन्ही थोडी उतरवावी लागतात, थोडी कार्यक्षमता सोडावी लागते. मी ती आनंदाने सोडतो. २० टक्के स्वच्छ फोटॉन संदेशवहनाला उपयोगी पडतात, ५० टक्के गढूळ पडत नाहीत.

थंड अणूंवर काम करणाऱ्यांना यातलं बहुतेक जसंच्या तसं लागू होतं, फक्त काळाचं माप बदलतं. १०० मायक्रोकेल्विनला १ अंश कोनाची लहर ७० मायक्रोसेकंदांच्या वर टिकते. तिथे हीटरच्या जागी अणूंना पकडणाऱ्या चुंबकीय सापळ्याच्या कॉइल असतात. त्या बंद केल्यावर आजूबाजूच्या धातूत फिरणारे प्रवाह काही मिलिसेकंद क्षेत्र सोडत राहतात, आणि मावळणं-उगवणं कॉइल बंद केल्यापासूनच्या वेळेनुसार सरकताना दिसतं. २००९ साली दोन गटांनी चुंबकीय क्षेत्राला पहिल्या पायरीवर दाद न देणाऱ्या, अणुघड्याळात वापरतात त्या अवस्था घेऊन मिलिसेकंदांची मजल गाठली. स्फटिकांचं तंत्र वेगळं आहे. प्रासिओडिमियमच्या स्फटिकात शोषणाचा कंगवा (समान अंतरावरच्या वारंवारितांच्या शोषणरेषा) कोरून साठवण करत असाल तर प्रतिध्वनी कंगव्याच्या दातांमधल्या अंतराने ठरतो, १ मेगाहर्ट्झ अंतर असेल तर १ मायक्रोसेकंद. तो फिका पडला तर आधी ६०६ नॅनोमीटरच्या लेसरची रेषारुंदी आणि क्रायोस्टॅटची (स्फटिक अतिथंड ठेवणाऱ्या यंत्राची) थरथर बघा, दात बोथट कोरले जात असतात.

आमच्याकडे आता सकाळची सुरुवात अशी होते. वळशाचा आकडा. सिग्नल बंद ठेवून आवाजाचा आकडा. मग १, ८ आणि २४ मायक्रोसेकंदांची साठवण, प्रत्येकी हीटर चालू असताना आणि बंद असताना. सहा आकडे वहीत एका ओळीत, कालच्या ओळीखाली. ८ चा आकडा हीटरबरोबर हलला तर तारा बघायच्या. तिन्ही एकाच प्रमाणात खाली असतील आणि वळसा स्थिर असेल तर टॉर्च घेऊन खिडक्या बघायच्या. खिडक्याही स्वच्छ निघाल्या, तरच आरशांकडे जायचं.